युरोपची मोटारयात्रा आखताना

झुरिचहून निघावे, गॉटहार्ड ओलांडावा आणि मिलानला उतरावे, एवढे ठरले की घरातील तरुण मंडळी नकाशावरचे किलोमीटर मोजू लागतात. ज्या घरात आजी सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, तेथे मात्र आधी सूर्यास्ताच्या वेळा पाहाव्यात. जूनअखेर झुरिचला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर हिंडूनही सायंभोजन निवांत होते. दिवाळीच्या सुटीचा बेत केल्यास ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात, आणि पाच वाजून गेले की दिवस संपलाच. मग चारपर्यंत मुक्काम गाठणे भाग.

मे महिन्यात दिवस मोठा असतो, शाळांना सुटीही असते. पण फुर्का आणि ग्रिम्झेल हे उंच घाट तेव्हा बहुधा बर्फाखालीच असतात. गॉटहार्डखालचा १९८० साली खुला झालेला सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा बारमाही आहे खरा, तथापि सुटीच्या शनिवारी त्याच्या तोंडाशी तासन्‌तास खोळंबावे लागते. शनिवार टाळलेलाच बरा.

राहिला शिध्याचा प्रश्न. भारतातून साजूक तूप किंवा पेढे नेता येत नाहीत. दुग्धजन्य पदार्थांना तेथे मज्जाव आहे. तेलावर भाजलेला खाकरा न्यावा, आणि हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे. आल्प्सच्या कुशीत लोणी उत्तम मिळते. आजी पहिल्याच सकाळी ते कढवावयास घेतील.