आवाजाच्या वहीतून

फ्रिजचा आवाज घरच्यांना ऐकू येत नाही, माइकला येतो. म्हणून मुलाखतीआधी हेडफोन लावून नुसती खोली ऐकायची. फ्रिज बंद करायला लावला तर आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवावी; निघताना तो चालू करायचा राहत नाही.

*

बोलणं संपलं तरी उठू नये. सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि खोलीचा आवाज, म्हणजे रूम टोन, घ्यायचा. कापलेली वाक्यं जोडताना मध्ये तोच लागतो. कोरी शांतता टाकली की ऐकणाऱ्याला कात्री लगेच कळते.

*

एडिटिंगला बसलं की पहिला हात 'अं', 'म्हणजे', खोकला यांच्यावर जातो. जाऊ दे. पण समजा, दुष्काळाबद्दल विचारल्यावर एखादी बाई म्हणाली, "तवा पानी... पानी नव्हतंच की." स्क्रीनवर दुसरं 'पानी' जादाचं दिसतं. ते काढलं तर वाक्य सुटसुटीत होतं आणि मधला तिचा श्वासही जातो. आठवताना तिला काय झालं, ते त्या श्वासातच कळत होतं. आणि 'पानी'चं 'पाणी' करून निवेदकाच्या तोंडी घालणं मला मुळीच मान्य नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याला दोन शब्द अडले तर अडू देत.

*

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना त्यात 'गं बाई' येतं, अर्धी ओळ पुन्हा घेतली जाते, दम लागतो. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली. रेकॉर्डिंग झालं नसतं तर या चाली आता कुठे मिळाल्या असत्या?

*

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची तेवढी मुभा. म्हणून आपल्याकडे आवाजातली पत्रकारिता पॉडकास्टकडे वळली. पण जिची गोष्ट आणली तिच्यापर्यंत पॉडकास्ट पोचेलच असं नाही. एपिसोड तयार झाला की मी तिच्या घरी फोन लावून तो ऐकवतो.

*

नाव बदललं तरी गाव आवाज ओळखतं. नवऱ्याच्या माराबद्दल कुणी बाई बोलली तर हे तिला रेकॉर्डिंगआधी आणि नंतर, दोनदा सांगायचं. ती नको म्हणाली तर ती टेप वापरायची नाही, कितीही चांगली असली तरी.

*

घरात आजी-आजोबा असतील तर या रविवारी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. फोन विमान मोडवर, तोंडापासून वीतभर लांब, पंखा बंद. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. मधे त्यांना दुरुस्त करू नका. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.