बॅटरीचे स्थळ

काही वस्तूंना मान मिळतो तो त्या बंद पडल्यावरच. नळाला पाणी येते तोवर नळाची आठवण कोणाला होत नाही. दूधवाला वेळेवर येतो तोवर त्याचे नाव काय, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मोटारीच्या संसारात ही जागा बॅटरीची. इंजिनाचे कौतुक होते, टायरांची चौकशी होते, रंगाची तारीफ होते. बॅटरी बिचारी बॉनेटखाली, कोपऱ्यात, अंगावर धूळ घेऊन बसलेली असते. मात्र ज्या सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ असा आवाज येतो, त्या सकाळपासून घरात दुसरा विषय नसतो.

आमच्या घरी हा विषय यंदा दिवाळीच्या तोंडावर निघाला. आमची गाडी डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी जीप. आणि आम्ही राहतो सातपूरला! मुंबईत माझगावला १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्यांचा सातपूरचा कारखाना १९८० च्या दशकात आला. २००२ साली निघालेली स्कॉर्पिओ इथलीच आणि २०२० सालची नवी थारही इथलीच. तेव्हा सातपुरात जीप बंद पडणे म्हणजे पंढरपुरात अभंगाची ओळ अडण्यासारखे आहे. मदतीला माणूस शोधावा लागत नाही. आलेली माणसे आवरावी लागतात. आमच्या गल्लीत चार घरांआड एक निवृत्त कामगार आहे, आणि प्रत्येकाचे मत वेगळे आहे.

“मोठी टाका, साहेब. फोर व्हील गाडी आहे, ताकद लागते,” एक म्हणाले.

“मोठी मुळीच टाकू नका, वायरी जळतील,” दुसरे म्हणाले.

“आधी जुनी खरोखर गेली का, ते तरी बघा,” असे तिसरे म्हणाले, आणि मला तेच ऐकावेसे वाटले. माणूस गेला हे ठरवण्यापूर्वी नाडी पाहतात. बॅटरीलाही तोच न्याय हवा. पुष्कळदा रोग बॅटरीला नसतोच. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचलेली असते, नाही तर गाडी चालताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर आळशी झालेला असतो. मिस्त्रींनी मीटर लावला. रात्रभर स्वस्थ राहिलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना हाच आकडा १४ च्या आसपास गेला, तर अल्टरनेटर शहाणा आहे असे समजावे. आमचा अल्टरनेटर शहाणा निघाला. मग बुचे उघडून एकेका घरात हायड्रोमीटर बुडवला. बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येकाचा दाब सुमारे दोन व्होल्ट. आमची पाच धडधाकट, सहावे निपचित. सहा भावांच्या एकत्र कुटुंबात एक खचला की उरलेल्या पाचांची कमाई त्याच्यापायी जाते, तसलाच हा प्रकार.

नवी घ्यायची ठरली तेव्हा पहिला प्रश्न आला तो चार चाकांचा. चारही चाकांना जोर द्यायला बॅटरी जास्त मोठी लागते, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. तो जोर इंजिनातून, गिअरपेटीतून, दांड्यांतून जातो. काही नव्या गाड्यांत तो दांडा सरकवायला लहानशी विजेची मोटर असते, इतकेच. बॅटरीचे मुख्य काम म्हणजे सेल्फ फिरवणे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, तोवर माणसे समोर उभी राहून हँडल मारीत असत आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडून घेत असत. बॅटरी म्हणजे त्या हँडल मारणाऱ्या गड्याची वारसदार. डिझेल इंजिनात हवा फार घट्ट दाबली जाते, म्हणून तिथे गडी जरा दणकट लागतो.

मात्र जीपचा बॅटरीला एक खरा त्रास असतो, तो म्हणजे हादरे. खडकाळ वाटेवर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवरचा लेप हळूहळू सुटतो, तळाशी गाळ होऊन साचतो, आणि एक दिवस तो गाळ दोन पट्ट्यांना जोडतो की ते घर संपले. म्हणून जीपची बॅटरी निवडताना तिच्या बळापेक्षा बैठक आधी पाहावी. ती ट्रेमध्ये नेमकी बसली पाहिजे आणि वरचा पट्टा घट्ट आवळला गेला पाहिजे.

इथून पुढचे सारे मला एखाद्या घरी स्थळ पाहायला जाण्यासारखे वाटले. पत्रिका जुळवावी लागते. लांबी, रुंदी, उंची जुळते का? धन आणि ऋण टोके जुन्यासारखीच डाव्या-उजव्या बाजूला आहेत का? ती उलट असली तर वायर पुरत नाही, आणि ओढूनताणून पुरवलीच तर घात होतो. मग अँपिअर-तास, म्हणजे शिदोरी किती. आणि थंडीत एका दमात किती प्रवाह देते, तो आकडा, म्हणजे जोर किती. हा दुसरा आकडा शून्याखाली १८ अंशांवर मोजतात. आमच्या जिल्ह्यात निफाडला द्राक्षबागांवर कधीमधी दवाचे बर्फ होते खरे, पण तितकी थंडी कोणी पाहिलेली नाही. तरी दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडतो.

वायरी जळण्याची भीतीही तिथेच फिटली. दुकानातला मुलगा वयाने लहान, पण समजावण्यात तरबेज. म्हणाला, “काका, टाकी मोठी असली म्हणून नळातून जास्त पाणी येत नाही. सेल्फला हवा तेवढाच करंट तो ओढतो. मोठी बॅटरी म्हणजे साठा जास्त. पण तुमच्या ट्रेमध्ये ती बसणार नाही. दोरीने बांधायची का?”

दोरीचा प्रश्न मला पटला. गाडी बनवणाऱ्याने पुस्तिकेत जो आकडा दिला आहे त्याहून कमी घेऊ नये. ट्रेमध्ये बसत असेल तर थोडी अधिक घ्यावी. बाकी हौस इतरत्र करावी.

हे सारे मी इतक्या बारकाईने का पाहत होतो, असे कोणी विचारील. माझी थोरली बहीण हरसूलच्या बाजूला एका पाड्यावर राहते. आश्रमशाळेतून निवृत्त झाली, तरी तिने ते गाव सोडले नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात रात्री दीडला तिचा फोन आला, “दाजींना श्वास घेता येत नाही.” त्र्यंबकच्या पुढे धुके इतके की बॉनेटचे टोक दिसेना. परतताना एका ओढ्याला पाणी होते, म्हणून उतार पडेपर्यंत पाऊण तास इंजिन बंद करून, दिवे लावून थांबावे लागले. मागच्या सीटवर दाजींचा श्वास घरघरत होता. त्यानंतर मी किल्ली फिरवली तेव्हा ताईने डोळे मिटले होते. इंजिन लागले. दाजी आज अंगणात बसून आम्हांला राजकारण शिकवतात. बॅटरीच्या किमतीत दोन-चारशे रुपयांचा फरक दिसला की मला तो पाऊण तास आठवतो.

प्रकार निवडतानाही घाई केली नाही. काचतंतूंच्या थरांत आम्ल शोषून घेतलेली एक बॅटरी असते. ती कलंडली तरी सांडत नाही, हादरेही चांगले सोसते. पण महाग, आणि इंजिनाशेजारची धग तिला मानवत नाही. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत मुळात ती असेल, तर बदलतानाही तीच घ्यावी. माझ्या जुन्या वळणाच्या गाडीला साधी, गंधकाम्लाच्या पाण्याची बॅटरी पुरे. तिचा खरा शत्रू उन्हाळा. चाळीस अंशांच्या चैत्र-वैशाखात ती आतून झिजते. इंजिन गारठले, तेल घट्ट झाले की ते उघडकीला येते. उन्हाळा मारतो आणि बदनामी होते थंडीची.

दुकानात दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, बॅटरी कोणत्या महिन्यात बनली? ती फळीवर बसूनही उतरते. दोन-तीन महिन्यांच्या आतली असावी, आणि मीटर आपल्यासमोर लावून घ्यावा. दुसरी, हमीतली फोड. ‘चार वर्षे’ म्हणतात, त्यातली किती वर्षे फुकट बदलून देणार आणि किती वर्षे नुसती किमतीत सूट देणार, हे कार्डावर लिहिलेले असते. पण अक्षर बारीक असते.

इतके झाल्यावर प्रश्न उरला तो जुनीचा. दुकानदार तिचे पैसे नव्या किमतीतून वजा करतो. पण दारावर आलेल्या भंगारवाल्याने त्याहून तीनशे रुपये जास्त सांगितले. सौभाग्यवतींनी हिशेबाची वही उघडली आणि मग मिटली.

“अहो, याला जास्त परवडते ते कसे?” तिने विचारले.

हा प्रश्न शंभर नंबरी आहे. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसे असते. ते पुनःपुन्हा वितळवून वापरता येते, म्हणूनच तिला मोल. रीतसर कारखान्यात धूर गाळतात, आम्ल निष्प्रभ करतात, आणि त्याला खर्च येतो. जिथे हा खर्च वाचवतात तिथे भाव जास्त देता येतो. कुठेतरी आडबाजूला उघडी भट्टी पेटते, आम्ल गटारात ओततात, आणि शिशाचा धूर भट्टीशेजारच्या झोपडीतल्या मुलांच्या पोटात जातो. शिशाची अमुक मात्रा मुलांना चालते, अशी सुरक्षित पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात असा नियम २००१ सालीच झाला. २०२२ च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणखी पक्की टाकली. पण नियम कितीही झाले तरी बॅटरी आमच्या दारातून कोणत्या दिशेला जाते, ते आम्हीच ठरवतो.

आमच्या सातपुरातून नंदिनी वाहते. लोक तिला नासर्डी म्हणतात. ती पुढे टाकळीला गोदावरीला मिळते. त्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे पाण्यात उभे राहून तप केले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या पाण्यात आज घटकाभर उभे राहा म्हटले तर आपण नाक मुरडू. गटारात ओतलेले सारे अखेर तिथेच जाते.

तीनशे रुपये सोडले. जुनी बॅटरी दुकानात दिली, पावतीवर तशी नोंद करून घेतली. मिस्त्रींनी काढताना ऋण टोक आधी सोडले, बसवताना धन टोक आधी जोडले, पट्टा आवळला आणि टर्मिनलला व्हॅसलिन लावले. किल्ली फिरवताच जीप अशी गुरगुरली की गल्लीतली तिन्ही मते एका सुरात म्हणाली, “आम्ही सांगितलेच होते!”

सोयरिकीच्या वेळी सारे लक्ष येणाऱ्या सुनेकडे असते. तिची पत्रिका पाहावी, गुण मोजावेत, त्यात काही वावगे नाही. पण घराची पारख व्हायची ती घरातल्या म्हाताऱ्या माणसाची सोय कशी लावली यावरूनच.