रातकिडे

जावयाची बदली दोन वर्षांसाठी कोलंबोला झाली, तेव्हा लेकीने आम्हा उभयतांना तिकडे बोलावून घेतले. २०२४ सालचा फेब्रुवारी महिना होता. नातवाला खेळवायचे, मुलांचा संसार डोळ्यांनी पाहायचा आणि जमल्यास कँडीला जाऊन यायचे, एवढाच आमचा बेत. परंतु मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेला, रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून भुईगावच्या किनाऱ्यावर भटकणारा माणूस. लेकीने आम्हाला न विचारताच सिंहराजाच्या अरण्यात दोन दिवसांची सोय करून ठेवली होती. "पप्पा, तुम्ही पुस्तकातून शिकवलेले वर्षावन एकदा पाहून घ्या," ती म्हणाली.

सिंहराजा हे श्रीलंकेच्या नैर्ऋत्येकडील सखल, ओल्या प्रदेशातले अरण्य. त्या बाजूला एके काळी जे सलग रान पसरलेले होते, त्याचा उरलेला हा सर्वांत मोठा तुकडा. वर्षाकाठी येथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकून जात नाही. कोरडा म्हणावा असा महिना तिथे नसतोच. येथील ६० टक्क्यांहून अधिक वृक्ष श्रीलंकेबाहेर कुठेही आढळत नाहीत. त्या देशाचे म्हणून जे खास पक्षी आहेत, तेही बहुतेक सारे येथे नांदतात. १९८८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. हे सारे मी निघण्यापूर्वी वहीत टिपून ठेवले होते. मास्तरकी अंगातून जात नाही ती अशी.

रत्नपुरा जिल्ह्यातील कलवाना, पुढे वेड्डगल आणि शेवटी खडबडीत रस्त्याने कुडावा. तेथे वनखात्याच्या चौकीवर तिकीट काढायचे आणि सोबत वाटाड्या घ्यायचा. त्याच्याशिवाय आत सोडत नाहीत. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, त्याच परिसरातील गावचा. शिडशिडीत अंगाचा, पायांत साध्या रबरी चपला. आम्हाला मात्र त्याने गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे घालायला लावले. जळवांसाठी. "त्यांनाही पाहुणे आवडतात," तो इंग्रजीत म्हणाला. तरीही संध्याकाळी माझ्या मानेवर एक टम्म फुगलेली जळू सापडलीच. ती वरून पडली की खालून चढली, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गेली सहा-सात वर्षे मी सर्वांना सांगत आलो होतो की वसईतले रातकिडे संपले. बावखले बुजवली गेली, केळीच्या वाड्या जाऊन इमारती उभ्या राहिल्या, रात्रभर दिवे जळू लागले. रातकिड्यांनी जगावे कुठे? या विषयावर मी एका व्याख्यानमालेत बोललो होतो. लेखही लिहिला होता. श्रोत्यांनी हळहळून माना डोलावल्या होत्या. माझी पत्नी त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसलेली होती. ती काहीच बोलली नव्हती, याची आठवण मला पुढे झाली.

अरण्यातील मुख्य पायवाट रुंद आहे. ती मुळात पायवाट नव्हतीच. प्लायवुडसाठी झाडे तोडून नेणाऱ्या गाड्यांचा तो रस्ता. १९७० च्या दशकात सिंहराजामध्ये यंत्रांनी लाकूडतोड सुरू झाली होती. निसर्गप्रेमींनी आणि शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि १९७७ साली ती बंद पडली. आज त्याच रस्त्याने आमच्यासारखे लोक दुर्बिणी घेऊन जातात. दोन्ही बाजूंना असे दाट रान आले आहे की सांगितल्याशिवाय कळू नये. फक्त उंच, जुनी झाडे रस्त्यापासून दूर आत उभी दिसतात.

अशा रानात डोळ्यांनी काही दिसत नाही, हे प्रथम लक्षात येते. भुईगावच्या किनाऱ्यावर पक्षी उघड्यावर असतो. बघणाऱ्याने फक्त यायचे. येथे दहा पावलांवर हिरवी भिंत. वाटाड्या चालता चालता थांबे, मान किंचित कलती करी आणि हलकेच नाव उच्चारी. मग त्या दिशेला दुर्बिणी लागत. त्याचे सारे पाहणे कानांनी चाले. "फूलटोच्या," असे समजून घ्यावे असे काहीतरी इंग्रजीत तो कुजबुजला, "पांढऱ्या गळ्याचा. ऐकू येतोय?" मी मान हलवली. पत्नीने वर पाहिले, लेकीने वर पाहिले, म्हणून मीही वर पाहिले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "अजून बोलतोय ना?" मी पुन्हा जोरात मान हलवली. पत्नी माझ्याकडे पाहत राहिली. पक्षी केव्हाच गप्प होऊन उडून गेला होता.

वाटाड्या काहीच बोलला नाही. दुपारपर्यंत मी असाच माना डोलावत चाललो. खोटे बोलायला जीभच लागते असे नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या ओट्यावर चहा झाला. सोबत कितुलचा गूळ. कितुल म्हणजे आपला भेरली माड. तिकडे त्याची गोड नीरा काढून, आटवून काळसर गूळ करतात. आमच्या लहानपणी वाडीत माडावर चढणारी माणसे आठवली. गप्पांत वाटाड्याने तेथल्या एका छोट्या घुबडाची हकीकत सांगितली. दीपाल वारकागोडा या पक्षीतज्ज्ञांनी १९९५ साली कितुलगल भागात एक अनोळखी हाक ऐकली. ओळखीच्या कुठल्याच पक्ष्याची ती नव्हती. ती हाक मनात ठेवून ते शोधत राहिले, आणि २००१ च्या जानेवारीत याच सिंहराजामध्ये तो पक्षी त्यांना दिसला. २००४ मध्ये त्याची नवी जात म्हणून रीतसर नोंद झाली. १८६८ नंतर श्रीलंकेत सापडलेली ती पहिलीच नवी पक्षीजात! सहा वर्षे तो पक्षी म्हणजे केवळ एक आवाज होता.

ती हाक कानी पडेल या आशेने रात्री मी एकटाच ओट्यावर येऊन बसलो. खाली ओढ्याचा घोष येत होता. बाकी रान शांत. इतके शांत की मला आश्चर्य वाटले. एवढ्यात आतून पत्नी आली. "अहो, ते दार लोटून तरी बसा. या किड्यांच्या किरकिरीने डोके उठलंय. आपल्याकडे पावसाळ्यात पण एवढी नसते."

"कोणते किडे?" मी विचारले.

ती काही वेळ उभी राहिली. मग माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. "आपल्या वाडीत पण आहेत हो," ती म्हणाली. "पूर्वीइतके नाहीत. पण आहेत. तुमच्या भाषणाच्या दिवशी मला सांगायचं होतं, पण तुम्ही इतकं मनापासून बोलत होता."

वयाबरोबर कान प्रथम बारीक, उंच स्वर सोडून देतात, जाड स्वर नंतर. हे मी दहावीच्या मुलांना शिकवले आहे. फळ्यावर कानाची आकृतीही काढली आहे. शंखासारख्या त्या नलिकेतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, हे वाक्य मी किती वर्षे उच्चारले असेन! हे माझ्याच कानांत घडत असता मी मात्र दोष नगररचनेला देत होतो. नगररचनेचा दोष नाही असे नव्हे. बावखले खरोखरच बुजली आहेत. पण वसईच्या त्या शांततेतला किती भाग बिल्डरांचा आणि किती माझा, याचा हिशेब त्या रात्री मला मांडता आला नाही, आणि आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाटाड्याला बाजूला घेऊन सांगून टाकले. तो हसला. "काल फूलटोच्यालाच कळलं होतं, महत्तया." महत्तया म्हणजे साहेब. मग म्हणाला, "माझ्या वडिलांचेही असेच. त्या लाकूडतोडीत ते यंत्रावर होते. काम बंद पडले तेव्हा कान गेलेले होते. पुढे पक्षी मीच त्यांना दाखवायचो." एवढे बोलून त्याने वाटेकडेची एक सरळ वाळकी काठी उचलली.

त्या दिवशी त्याची रीतच बदलली. पक्षी कळला की तो माझ्या मागे येऊन उभा राही, काठी माझ्या खांद्यावर बंदुकीसारखी ठेवी आणि टोक नेमके त्या फांदीकडे वळवी. मी काठीच्या रेषेत पाहायचे. अशा रीतीने मला निळा मॅगपाय दिसला. आपल्या टकाचोराच्याच कुळातला. तांबडी चोच, तपकिरी डोके आणि अंग निळेभोर. पुढे एका नेच्याच्या गचपणात त्याने आम्हाला ओणवे करून नेले आणि काठीने एक वाळके पान दाखवले. पाहता पाहता त्या पानाला डोळा असल्याचे ध्यानात आले. शेजारी दुसरे पान. ते बेडकासारख्या रुंद तोंडाच्या निशाचर पक्ष्यांचे जोडपे होते, दिवसभर एकमेकांना चिकटून निश्चल बसलेले. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतही आहे. मी कधी पाहिला नव्हता. येथे ऐकण्यासारखे कोणालाच काही नव्हते. पहिल्यांदाच आम्ही सारे सारखे होतो.

आणि मग दहाच्या सुमारास तो थवा आला. सिंहराजाचे खरे वैभव हेच. अनेक जातींचे पक्षी एकत्र मिळून रान विंचरत जातात. कधी दहा-बारा जाती, चाळीसएक पक्षी. प्रा. सरथ कोटगम आणि त्यांचे सहकारी १९८१ पासून या थव्यांच्या नोंदी करत आले आहेत. थव्याचा गाभा म्हणजे नारिंगी चोचीचे सातभाई, अखंड कलकलाट करणारे. सोबतीला असतो तुऱ्याचा कोतवाल. ससाणा दिसला की इशारा तो देतो, आणि इतरांच्या पायांखालून उडालेले किडे मटकावण्याचे वेतनही घेतो. त्याला कोतवाल हे नाव ठेवणारा आपला मराठी माणूस थोर निरीक्षक असला पाहिजे. हा कोतवाल इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढतो आणि थवा जमवतो, असेही अभ्यासकांना आढळले आहे.

सातभाईंचा कलकलाट थोडासा मलाही ऐकू आला. पत्नी माझा दंड धरून उभी होती आणि हलक्या आवाजात सांगत होती, "आता डावीकडून शीळ... आता कुणीतरी खरवडल्यासारखं... आता खूप बारीक, सुईसारखं." काठी खांद्यावर, दुर्बीण डोळ्यांना, आणि कानाशी तिचे शब्द. लाल चेहऱ्याचा मलकोहा माथ्यावरच्या वेलींत क्षणभर दिसला आणि गेला. दहा मिनिटांत सारे रान पूर्ववत. जळवा तेवढ्या राहिल्या.

वसईला परतल्यावर कानांची तपासणी केली. तंत्रज्ञाने आलेख पुढे ठेवला. डावीकडे बरी असलेली रेषा उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेलेली. मी पुष्कळ दिवस यंत्र घ्यायचे टाळले. किंमत हे एक कारण आणि म्हातारपणाची लाज हे दुसरे. पुढच्या पावसाळ्यात घेतले. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राच्या घडीचा आवाज पत्र्यासारखा लागला आणि भांडी घासणाऱ्या सुनेला मी दोनदा "हळू" म्हणालो.

त्या रात्री जेवणानंतर मागच्या पडवीत जाऊन बसलो. पाऊस नुकताच उघडला होता. पलीकडच्या इमारतीतून दूरदर्शन संच ऐकू येत होता, कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग तो लागला. एकच होता, पण थांबून थांबून, न चुकता. मी सुनेला हाक मारली.

"पप्पा, तो होय?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "न्हाणीघराच्या मागे दगडाखाली बसतो. दोन वर्षं झाली, बाळाला झोपू देत नाही."