करंट येतोय की!

माझ्या बुलेटचा हेडलाइट मंद का, हे विचारत मी ज्या ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्या प्रत्येकाने एकच केलं. बल्बचं सॉकेट उपसलं, टेस्टरचा चिमटा इंजिनाला लावला, टोक सॉकेटमध्ये टेकवलं आणि टेस्टरचा बारका दिवा लागल्यावर म्हणाला, "करंट येतोय की ओ. बॅटरी बघा तुमची." मी बॅटरी बदलली. मग बल्ब, मग रेक्टिफायर. दिवा तसाच पिवळा. ‘करंट येतोय की’ या वाक्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

गाडी १९९२ची, कास्ट आयर्न इंजिनाची ३५०, उजव्या पायात गिअर. ती कस्टम करून घेतली होती. मागचा मडगार्ड आखूड, सीट एकट्यापुरती, फ्रेमला काळं पावडर कोटिंग. हँडलजवळचं मूळ कास्केट काढून तिथे ५५ वॉटच्या हॅलोजनचा सुटा हेडलाइट बसवला, त्यात ॲम्पिअर मीटरही गेलं. दिसायला गाडी अप्रतिम झाली. बिलात टाकीचा रंग वेगळा होता, सीटची शिलाई वेगळी होती, सायलेन्सर वेगळा होता. वायरिंगची ओळच नव्हती.

करूळ घाटात पावसात सापडलो तेव्हा संध्याकाळ होती. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. इंडिकेटर लावला की मागचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकायचा, हॉर्न वाजवला की हेडलाइट बसायचा. एका वळणावर इंजिनच बंद पडलं. पॉइंटवर चालणारी गाडी, बॅटरीचा पुरवठा तुटला की ठिणगीही जाते. मागून ट्रक येत होता आणि माझा एकही दिवा लागलेला नव्हता. हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर सगळं पुन्हा चालू झालं. म्हणजे हँडलच्या मानेजवळ, जिथे वायरी रोज शेकडो वेळा वाकतात, तिथे काहीतरी तुटत-जुळत होतं. हे मी पुढच्या मिस्त्रीला सांगितलं. त्याने टेस्टर लावला. करंट येत होता.

या टेस्टरबद्दल मला सविस्तर बोलायचंच आहे, कारण नुसत्या टेस्टरवर विश्वासून माणसं रात्री घाटात पाठवली जातात. टेस्टरचा बल्ब चिमूटभर करंट खातो, मल्टीमीटर तर जवळजवळ काहीच खात नाही. वायरीतल्या वीस-पंचवीस तारांपैकी एकच शाबूत असेल, तरी तेवढा करंट सुखाने जातो आणि मीटर पुरे बारा व्होल्ट दाखवतो. हेडलाइटला साडेचार ॲम्पिअर लागतात. ते त्या एका तारेतून, गंजलेल्या पिनेतून जायला लागले की व्होल्टेज वाटेतच पडतं आणि त्याची उष्णता होते. म्हणून सांधा तपासायचा तो दिवा चालू ठेवून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पायावर. जो आकडा येईल तेवढं वाटेत गेलं. मग तसंच मायनसच्या बाजूला. पाच मिनिटांचं काम आहे. मीटर प्रत्येक गॅरेजात खिळ्याला टांगलेला असतो.

हे मी घरी करून पाहिलं. बॅटरीवर १२.२ व्होल्ट, बल्बवर ९.४. प्लसच्या बाजूला १.१ गेले होते, अर्थच्या बाजूला १.७. व्होल्टेज दहा टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड तीसएक टक्के घटतो. माझा निम्म्याच्याही खाली आला होता. म्हणजे मी काढून टाकलेली जुनी बॅटरी चांगलीच होती.

टाकी उतरवून टेप सोडवली. उन्हाने तिची चिकट काळी राळ झाली होती. आत सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, काळ्या, कारण गाडी ‘क्लीन’ दिसायला हवी. घरगुती फिटिंगची बारीक वायर, टोकं पिळून जोडलेली, तांब्यावर हिरवट गंज. अर्थचा बोल्ट थेट पावडर कोटिंगवर आवळलेला. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. त्यातून वीज जाणार कुठून? बोल्टच्या आट्यांतून जेवढी झिरपत होती तेवढ्यावर गाडी धावत होती. जो भाग उघडा दिसतो त्याला आरशासारखं पॉलिश आणि ज्यावर जीव अवलंबून आहे त्याला पिळलेली टोकं, हा हिशोब मला मान्य नाही.

वायरिंग मी नव्यानेच ओढलं. आधी सुतळी फ्रेमवरून फिरवून लांबी घेतली, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मानेजवळ ढील ठेवली. हेडलाइटला आणि मुख्य पुरवठ्याला दोन चौरस मिलिमीटरची गाड्यांची वायर, प्रत्येक कामाला वेगळा रंग. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५ ॲम्पिअरचा फ्यूज, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो आणि त्याच्या अलीकडची वायर उघड्यावरच राहते. हेडलाइटला रिले. अर्थची वेगळी वायर दिव्यापासून थेट बॅटरीच्या मायनसला, आणि फ्रेमवर जिथे अर्थ घेतला तिथलं कोटिंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं.

सांध्यांवरून मात्र उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिराशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "सोल्डर मारा, जन्मात हलणार न्हाई." माझं म्हणणं, सोल्डर तारांमधून वर चढतं, वायर तिथे काडीसारखी ताठ होते आणि एका सिलिंडरच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी ती नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. म्हणून क्रिम्पच हवा, तोही पक्कडीने चेपलेला नाही, रॅचेटच्या टूलने. पिनेचे पुढचे दोन कान तांब्यावर, मागचे दोन वायरीच्या कव्हरवर, म्हणजे ओढ तांब्यावर येत नाही. वर आतून गोंद असलेली स्लीव्ह. प्रत्येक सांधा हाताने ओढून पाहायचा, निसटला तर आत्ताच निसटू दे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हँडलच्या स्विचमध्ये, जिथे जागाच नाही, तिथे स्वतः सोल्डर मारून दिलं. ते सांधे उत्तम चाललेत. वायर तिथे नीट बांधलेली आहे, हलत नाही, म्हणून असेल.

आता बॅटरीवर १२.२ असतात तेव्हा बल्बवर ११.९ असतात.

ज्या मुलाने आधीचं वायरिंग केलं होतं त्याला नंतर भेटलो. भांडायच्याच तयारीने गेलो होतो. त्याला त्या कामाचे किती मिळाले ते त्याने सांगितलं. तेवढ्यात चांगली वायरसुद्धा येत नाही. गिऱ्हाईक वायरिंगला पैसे द्यायला तयार नसतं आणि मालक मागत नाही. माझा राग थोडा हलला, पण गेला नाही. अर्थखालचं कोटिंग खरवडायला पैसे लागत नाहीत. गाडी कस्टम करायला टाकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: वायरिंगचं बिल वेगळं मागा, आकृती कागदावर मागा आणि टेप गुंडाळण्याआधी एकदा जाऊन बघा.

ॲम्पिअर मीटर काढल्याबद्दलही मी त्याला बोललो. ते असतं तर सांधा तुटता-जुळताना काटा उड्या मारताना मला घाटाच्या आधीच दिसला असता. त्यावर तो म्हणाला, या गाडीचा बहुतेक सगळा करंट त्या मीटरच्या दोन नटांतून जातो, एक नट सैल झाला की गाडी उभी, म्हणून आम्ही ते काढतोच. हे खरं आहे, काढण्यात त्याचं चुकलं नव्हतं. मी तरीही मीटर परत बसवलंय, स्प्रिंग वॉशर घालून. हँडलची ती सुटसुटीत रेषा त्याने बिघडते आणि ती मला मनापासून आवडायची. पेट्रोल भरायला थांबलो की ते दोन नट आधी तपासतो.