माइकपासून दोन पावलं

श्रुतिकेत एखादं पात्र घराबाहेर पडतं तेव्हा नट कुठेच जात नाही. तो माइकपासून दोन पावलं मागे सरकतो, मान जरा वळवतो आणि शेवटचं वाक्य बोलता बोलता आवाज लांब नेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस जिना उतरून गेला. परत यायचं असेल तर तीच दोन पावलं पुढे. ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ आले की माइक फटकन वाजतो, म्हणून तेवढ्यापुरतं तोंड तिरकं धरायचं. आता विनोदी श्रुतिका म्हटली की त्यात पंत आले, भावोजी आले, बाबा आले. त्यामुळे अर्धा वेळ माझं तोंड तिरकंच असतं. हे सगळं मी साठी उलटल्यावर शिकले, उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. कानांची शिकवणी मात्र फार आधी सुरू झाली होती.

आमच्या उरणच्या घरात रेडिओ आला तो परवान्यासकट. टपाल कचेरीत जाऊन फी भरायची, पुस्तिकेत तिकिटं डकवून घ्यायची. वडील मिठागरावर हिशेब लिहीत. मिठाचे आकडे आणि रेडिओची पुस्तिका एकाच ट्रंकेत असायची, आणि दोन्हींना हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. रेडिओ उंच फळीवर होता. आवाज खाली येई आणि आम्ही वर बघत बसायचो.

त्या फळीवरून आमच्या घरात एक दुसरं घर उतरायचं. मुंबई आकाशवाणीवरची ‘प्रपंच’ आणि मग ‘पुन्हा प्रपंच’. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी. मोजून तीन माणसं, महागाई, पाहुणे, घरातल्या कुरबुरी आणि चहा. बस्स. पण टेकाडे भावोजी कसे दिसतात यावरून माझं आणि आईचं वर्षानुवर्षं भांडण होतं. माझे भावोजी ढेरपोटे होते, आईचे काडीसारखे, टोपी घातलेले. पुढे एका मासिकात कुडतरकरांचा फोटो आला. आईने तो हातात घेतला, नीट निरखला आणि परत देत म्हणाली, “हे कुणी दुसरेच असतील.” विषय संपला. ज्यांचा आवाज आहे त्यांच्यापेक्षा आपले भावोजी खरे, असा तिचा निकाल होता, आणि आज मला वाटतं की तो कायद्याला धरून होता. रेडिओवरचा विनोद अर्धा तिकडे तयार होतो. उरलेला अर्धा ऐकणाऱ्याच्या मालकीचा असतो.

बबन प्रभूंचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी आठवतं. ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ लिहिणारा हा माणूस आकाशवाणीतलाच. रंगमंचावरच्या त्यांच्या फार्सला दारं लागतात, धावपळ लागते, कुणी कुणाला कुठे पाहिलं याचा काटेकोर हिशेब लागतो. माइकपुढे यातलं काहीच चालत नाही. तिथे गोंधळ दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि तीन माणसं एकदम बोलली तर तोही ऐकू येत नाही. दोन्ही घरं एकाच माणसाला राहायला जमली याचं मला अजून नवल वाटतं.

एक गोष्ट मात्र ‘प्रपंच’मधल्या त्या तिघांच्या घरात मला कधी सापडली नाही. आमच्यासारखं बोलणारं तिथे कुणी नव्हतं. आम्ही आगरी. आमच्या घरी गाडीची गारी होई आणि घोड्याचा घोरा. मी मीनावहिनींची नक्कल करू लागले ती यामुळेच. चूल फुंकताना त्यांच्या सुरात बोलायचे आणि आजी म्हणायची, हिच्या अंगात कोण आलंय? कॉलेजात असताना एका एकांकिका स्पर्धेत उतरले. मोऱ्याहून लाँच, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, पुढे बस. ओहोटी लागली की मोऱ्याला लाँच लागत नाही, म्हणून भरतीची वेळ बघून पहाटेच निघालो होतो. प्रयोग बरा झाला. परीक्षकांनी नंतर सांगितलं की आवाज उत्तम, पण ‘ळ’ चा ‘ल’ होतो, मोलकरणीच्या भूमिकेसाठी चांगली आहे. मी पुढची कित्येक वर्षं ‘ळ’ घोटत बसले. शाळेत शिक्षिका झाले तेव्हा तो इतका पक्का झाला होता की मुलं मला पुण्याची समजत.

मधली वर्षं भराभर सांगते, कारण त्यांत विनोद फारसा नव्हता. १९७२ मध्ये मुंबईला दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे ते आमच्याकडेही पोचलं, तसा रेडिओ फळीवरून उतरून स्वयंपाकघरात गेला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी गेल्या. त्या जमिनींसाठीच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला झालेल्या गोळीबारात आमच्या भागातली पाच माणसं गेली. त्या दिवसांत रेडिओ फक्त बातम्यांपुरता लागे आणि बातम्या संपल्या की वडील स्वतः उठून तो बंद करत. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. हनुमानाच्या हातून इथे डोंगराचा तुकडा निसटून पडला, अशी द्रोणागिरीची गोष्ट सांगतात. त्या डोंगराच्या नावाने मग सेक्टर उभे राहिले, इमारती उभ्या राहिल्या, आणि निवृत्तीनंतर आम्हीही तिथल्या एका इमारतीत राहायला आलो. जानेवारी २०२४ मध्ये द्रोणागिरीला रेल्वे स्टेशन झालं. आता मुंबईला जायला भरती बघावी लागत नाही.

आमची मंडळी त्याच सुमारास जमली. बंदरातले एक निवृत्त कारकून, एक परिचारिका, कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करणारी दोन पोरं, एक कॉलेजातली मुलगी, मी आणि अधूनमधून येणारे काही. नाटक बसवायचं तर नेपथ्य हवं, पाठांतर हवं, आणि आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे दुखतात. कुणीतरी म्हणालं, रेडिओवरच्यासारखं करू या, उभ्याउभ्या वाचून. तीन माइक, एक टेबल, टेबलावर संसार. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस पडतो. बिस्किटाच्या पुड्याचा कागद माइकपाशी चुरगळला की फोडणी तडतडते. खरी फोडणी आम्ही एकदा करून पाहिली, ती माइकवर अजिबात फोडणीसारखी वाटेना. पत्रा हलवला की गडगडाट. मडक्यात तोंड घालून बोललं की स्टेशनवरची घोषणा. संहितेचे कागद टाचायचे नाहीत, सुटे ठेवायचे, आणि वाचलेलं पान हलकेच खाली सोडून द्यायचं, म्हणजे सळसळ होत नाही. प्रयोग संपतो तेव्हा आमच्या पायाशी कागदांचा ढीग असतो आणि तो उचलायला कुणालाच वाकता येत नाही.

लोक बघायला येतात, हीच खरी अडचण. रेडिओच्या काळात ऐकणारा आपल्या घरात हसायचा, नटाला ते कळत नसे. आमच्यापुढे शंभर माणसं बसलेली, तांदळाचा पाऊस बघून खूश होणारी. पहिल्या काही प्रयोगांत आम्ही हसू ओढून घ्यायला लागलो, डोळे मोठे करायचे, हात उडवायचे. जे दिसतं त्यावर लोक हसत होते आणि जे ऐकायचं ते निसटत होतं. अमेरिकेत त्या काळी रेडिओचे बरेच विनोदी कार्यक्रम स्टुडिओत प्रेक्षक बसवून होत, त्यामुळे हे कोडं त्यांना आमच्या आधी पडलेलं असणार. तिथला जॅक बेनी हा रेडिओवर महाकंजूष म्हणून प्रसिद्ध. १९४८ मधल्या एका कार्यक्रमात चोर त्याला गाठतो आणि पैसा की जीव, असं विचारतो. बेनी काही बोलत नाही. नुसती शांतता, आणि त्या शांततेतच हशा उसळतो, कारण हा माणूस खरोखर हिशेब करतोय हे प्रत्येकाला कळलेलं असतं. मग आम्ही ठरवलं: हात कागदावर, नजर कागदावर, वाक्य संपल्यावर गप्प राहायचं. निवृत्त कारकुनांना हे सगळ्यात चांगलं जमतं. चाळीस वर्षं साहेबांपुढे गप्प राहिलोय, म्हणतात.

गप्प राहण्याला आमच्याकडे एक अडथळा आहे. हॉलच्या मागच्या रस्त्यावरून ट्रेलर जातात. एकदा नेमक्या हळव्या जागी, नवरा बायकोची समजूत काढत असताना, ट्रेलरने लांबलचक हॉर्न दिला. नवरा झालेला पोरगा थांबला आणि माइकमध्ये म्हणाला, “तुझ्या आई आल्या वाटतं.” पुढची दोन मिनिटं कुणाला वाचता आलं नाही. ते वाक्य आता संहितेत आहे. हॉर्न वाजला नाही तर आम्ही मडक्यातून वाजवतो.

जुन्या श्रुतिका आम्ही करत नाही. त्या ज्यांच्या आवाजात घडल्या त्यांच्याच आवाजात राहाव्यात, असं माझं मत आहे. आम्ही आपल्या लिहितो. त्यात जमिनीच्या पैशातून गाडी घेतलेला पुतण्या असतो, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून अबोला धरलेले भाऊ असतात, फ्लॅट भाड्याने घ्यायला आलेलं पुण्याचं जोडपं असतं. घरमालकीण मी करते. त्या जोडप्याने बेल वाजवली की दार उघडून मी विचारते, “कला रं आलाव?”, म्हणजे कशाला रे आलात, आणि पहिल्या ओळीत बसलेल्या उरणच्या बायका माझ्या पुढच्या वाक्याआधीच हसायला लागतात. घोटून घोटून बसवलेला ‘ळ’ मी त्या वेळी माइकपासून दोन पावलं मागे ठेवते.

सध्या आम्हाला एक सासू हवी आहे. नव्या श्रुतिकेत सुनेला आणि ट्रेलरवाल्याला एकाच दमात झापणारी, आगरीत, न थांबता. वयाची अट नाही, पाठांतर लागत नाही, चेहरा कसाही चालेल. आपल्या घरी अशी कुणी असेल तर तिला रविवारी संध्याकाळी घेऊन या. चष्मा मात्र तिने न विसरता आणावा.