हरलेल्यांची वाट

अमेरिकेला जाऊन आलेला मनुष्य नायगाराविषयी बोलला नाही, तर आपल्याकडे त्याच्या प्रवासाविषयीच शंका घेतली जाते. माझी तशीच पंचाईत झाली आहे. २०२३ च्या सप्टेंबरात, ऐन गणपतीत घर सोडल्याबद्दल घरच्यांचा रोष पत्करून, मी अमेरिकेला गेलो. पण ना नायगारा पाहिला, ना न्यूयॉर्क. मी पाहिले ते पुलमन. हे नाव वाचकांनी ऐकले नसेल, तर त्यात त्यांचा काही दोष नाही. मीही ते प्रथम ताईच्या तोंडून ऐकले. तिचा मुलगा तिथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गव्हावर संशोधन करतो. "एवढा सातासमुद्रापलीकडे चाललास, तर माझ्या पोराला भेटल्याशिवाय येऊ नकोस," असे बजावून तिने बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हवाली केला, आणि माझ्या प्रवासाचा नकाशा तिथेच ठरून गेला.

भाचा सिएटलला गाडी घेऊन आला होता. तिथून पुलमन पावणेतीनशे मैलांहून थोडे अधिक. घाट ओलांडला की सिएटलची हिरवी गर्द झाडी मागे पडते, पुढे कोलंबिया नदी लागते आणि नदीपलीकडे उजाड माळ सुरू होतो. असाच रखरखाट सोबतीला राहणार, अशी मनाची तयारी करावी, तोच पलूस नावाचा प्रदेश समोर येतो. युगानुयुगे वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या या टेकड्या. समुद्राच्या लाटा जागच्या जागी थिजाव्यात, तशा. गव्हाची कापणी उरकली होती. एका टेकडीवर पिवळी धसकटे, तर शेजारची नुकतीच नांगरलेली. मैलोन् मैल माणूस दिसत नव्हता.

कोलफॅक्स नावाच्या लहानशा गावात भाच्याने गाडी हळू केली. हे व्हिटमन काउंटीचे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचे ठिकाण.

"मामा, हे कोर्ट बघून ठेवा. आमच्या विद्यापीठाचा दावा इथंच लागलाय."

"कसला रे? जमिनीचा?"

"नाही. वाटणीचा."

वाटणी म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारले नाहीत, तरच नवल! उरलेल्या पंधरा मैलांत भाच्याने मला ती सारी भाऊबंदकी सांगितली.

अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांसाठी शेजारशेजारची विद्यापीठे मिळून एक गट करतात; त्याला कॉन्फरन्स म्हणतात. दरसाल एकमेकांशी खेळायचे, एकमेकांच्या गावी जायचे, मिळकत वाटून घ्यायची. पॅसिफिक किनाऱ्यावरचा असा गट १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंड शहरात चार विद्यापीठांनी स्थापन केला. वॉशिंग्टन स्टेट त्यात १९१७ मध्ये आले. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या भानगडीपायी १९५९ मध्ये ते घर मोडले. पाच बड्यांनी नवे घर मांडले. वॉशिंग्टन स्टेटला तिथे १९६२ मध्ये जागा मिळाली, ओरेगनमधल्या दोन्ही विद्यापीठांना १९६४ मध्ये. पुढे कुटुंब वाढत वाढत २०११ मध्ये बाराचे झाले, आणि त्याचे नाव पडले पॅक-१२.

मग फाटाफूट का झाली? तर टेलिव्हिजनमुळे. १९८४ पर्यंत या सामन्यांचे प्रक्षेपण देशभरच्या एकाच मध्यवर्ती संस्थेच्या मुठीत होते. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती मूठ सोडवली, आणि प्रत्येक गट आपले सामने स्वतः विकू लागला. विक्री आली की किंमत आली. किंमत आली की कोणाच्या गावात किती प्रेक्षक, हा हिशेब आला. मध्यपश्चिमेतल्या बिग टेन नावाच्या गटाचा सात वर्षांचा सौदा सात अब्ज डॉलरांच्या वर गेल्याचे २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत आले होते. त्याच वर्षी ३० जूनला लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडोने घर सोडले. ४ ऑगस्टला एका दिवसात पाच जणांनी. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोघांनी. बारांतले दोन उरले: कॉर्व्हॅलिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. या दोघांचे म्हणणे असे की, घर सोडून निघालेल्यांनी घराच्या तिजोरीचा कारभार पाहू नये. त्याचा हा दावा.

गंमत पाहा. या उलथापालथीनंतर २०२४ मध्ये बिग टेनमध्ये अठरा विद्यापीठे झाली, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, आणि अटलांटिक कोस्ट नावाच्या गटात पॅसिफिक किनाऱ्यावरची दोन! लॉस एंजेलिसच्या मुलामुलींना सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत सुमारे अडीच हजार मैल उडत जाणे आले. हे धाडस फुटबॉलच्या पैशासाठी. पण विमानात बसायचे व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींनीही. मी वर्गावर शिकवणारा माणूस. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की ही मुले तासांना बसणार कधी?

पुलमनची वस्ती सुमारे तेहतीस हजार, आणि तिथल्या फुटबॉलच्या क्रीडांगणात बसण्याची सोयही जवळपास तेवढ्याच माणसांची! यावरून या गावाचे आणि या खेळाचे नाते वाचकांच्या ध्यानात येईल. विद्यापीठाचे चिन्ह कूगर, म्हणजे डोंगरी सिंह. रस्त्यात लालबुंद टोपी दिसली की अनोळखी माणूसही "गो कूग्ज!" म्हणतो, आणि समोरच्याने तेच उत्तर द्यायचे. आपल्या रामरामासारखे ते चालते. भाच्याने माझ्या डोक्यावर तशी टोपी घातली, आणि संध्याकाळपर्यंत निदान वीस जणांशी माझा रामराम झाला.

सकाळी आम्ही एका कॉफीच्या दुकानात गेलो. तिथे एक शेतकरी, एक निवृत्त शिक्षक आणि चार विद्यार्थी कागदी रुमालावर अमेरिकेचा नकाशा काढून बसले होते. आता दोघांच्या या घरात आणायचे कोणाला? कोणी म्हणे बॉइसी, कोणी म्हणे सॅन दिएगो. एका विद्यार्थ्याला खात्री होती की, आज ना उद्या बिग ट्वेल्व्हचाच सांगावा येणार. उपवर मुलीच्या घरी स्थळांची चर्चा चालावी, तसा तो रंग होता. कोणत्या शहरात टीव्हीचे प्रेक्षक किती, हे त्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होते.

शेतकरी बराच वेळ गप्प होता. मी पाहुणा आहे असे कळल्यावर तो मला म्हणाला, "आम्ही सामने हरलो म्हणून आम्हाला टाकलं असतं, तर मी समजलो असतो. आमच्या गावात माणसं कमी, म्हणून टाकलं. आता माणसं कुठून आणू? इथं गहू पिकतो."

त्या दुपारी भाच्याने मला गव्हाची प्रायोगिक शेते दाखवली आणि एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. ऑर्व्हिल व्होगेल नावाच्या शास्त्रज्ञाने याच ठिकाणी बुटक्या जपानी गव्हाचा इथल्या गव्हाशी संकर केला. पन्नाशीच्या दशकात त्यातले बियाणे त्याने मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांना दिले. बोरलॉग यांनी त्यातून घडवलेल्या जाती साठीच्या दशकात हिंदुस्थानात आल्या, आणि आपल्या हरितक्रांतीला सुरुवात झाली. म्हणजे आपल्या ताटातल्या पोळीचे एक मूळ या टेकड्यांत आहे! ज्या गावाच्या दाण्यावर कोट्यवधी माणसे जेवली, त्याला शनिवारी दुपारी पाहणारे पुरेसे डोळे नाहीत, एवढ्यासाठी ते बिनमोल ठरावे, याचे मला फार वाईट वाटले.

२३ सप्टेंबरला सकाळी भाच्याच्या खोलीतल्या लहानग्या गणपतीचे आम्ही बादलीत विसर्जन केले आणि सामन्याला गेलो. योगायोग असा की, सामना त्या उरलेल्या दोघांचाच होता. खेळाचे नाव फुटबॉल असले, तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. त्यामुळे मला खेळ कळला थोडा, माणसे कळली अधिक. आमच्या मागे केशरी-काळ्या कपड्यांतले एक ओरेगन स्टेटचे जोडपे होते. त्यांच्या संघाने गुण मिळवले की ते उठत. आमच्या बाजूने मिळवले की आमचे लोक उठत. पण मध्यंतरात त्यांनी आपल्या डब्यातली बिस्किटे सगळ्या रांगेला वाटली. वॉशिंग्टन स्टेट ३८, ओरेगन स्टेट ३५ असा सामना संपला, तेव्हा त्या बाई आमच्या शेजारणीला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आमच्याकडे या हं." शेजारीण म्हणाली, "नाहीतर जाणार कुठं? आता तुम्हीच तर उरलात!" दोघी हसल्या, पण डोळे दोघींचेही ओले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. भाचा म्हणाला, "मामा, मॉस्कोला चालत जाऊ या." मी दचकलो, पण हे मॉस्को आयडाहो राज्यातले, पुलमनपासून अवघ्या आठ मैलांवर. जुन्या रेल्वेमार्गावर ओढ्याच्या कडेने आता छान डांबरी पायवाट केली आहे. मॉस्कोतही एक विद्यापीठ आहे, आयडाहोचे. १९३८ पासून तीस वर्षे या दोन गावांत अशी रीत होती की, सामना हरेल त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जिंकणाऱ्यांच्या गावी पायी जायचे. हरणारे चालत, आणि दोन्ही गावे हसत.

मॉस्कोत एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात आम्ही टेकलो. दुकानातले म्हातारबाबा माझी लाल टोपी पाहून म्हणाले, "काल जिंकलात ना? मग चालत कशाला आलात?" आणि मग त्यांनी त्यांची कथा सांगितली. आयडाहोही १९२२ पासून त्याच जुन्या कुटुंबात होते. १९५९ मध्ये घर मोडले, तेव्हा आयडाहो बाहेर राहिले आणि पुलमनही. तीन वर्षांनी पुलमनला आत घेतले. आयडाहोला पुन्हा कधीच नाही.

"पुलमनचे लोक आज फार दुःखी आहेत," म्हातारबाबा म्हणाले. "मला त्यांचं दुःख कळतं. पण त्या वेळी आमच्यासाठी पुलमनहून कोणी कोर्टात गेल्याचं मला काही आठवत नाही." हे ते रागाने म्हणाले नाहीत. पुस्तकावरची धूळ पुसत म्हणाले.

परतीच्या वाटेवर भाचा फारसे बोलला नाही.

मी पुण्याला परतलो. नोव्हेंबरात कोलफॅक्सच्या न्यायाधीशांनी कारभार उरलेल्या दोघांच्या हाती द्यावा असा हुकूम केला. २०२४ च्या मोसमात या दोघांना सामने दिले ते शेजारच्या माउंटन वेस्ट या गटाने; पैसे घेऊन का होईना, पण अडल्या वेळी दिले. आणि सप्टेंबरअखेर भाच्याचा फोन आला.

"मामा, आमचं जमलं! बॉइसी, सॅन दिएगो, फ्रेस्नो, कोलोरॅडो स्टेट आणि यूटा स्टेट, पाच जण येताहेत. २०२६ च्या जुलैपासून नवं घर."

"वा! हे कुठून आले?"

"माउंटन वेस्टमधून."

"म्हणजे ज्यांनी तुम्हाला सामने दिले, त्यांच्यातूनच?"

फोनवर क्षणभर शांतता पसरली. "नियमानं निदान आठ तरी लागतात, मामा. नाहीतर आम्ही संपलो असतो. आणि हो, पुन्हा दावा लागलाय. आणलेल्या प्रत्येकामागं किती दंड भरायचा, याचा." आठवे विद्यापीठ पुढच्या वर्षी मिळाले, ते थेट टेक्सासमधले.

"आणि मागं कोण राहिलं?"

"वायोमिंग, न्यू मेक्सिको, नेवाडा... आणखीही आहेत." मग थोडे थांबून तो म्हणाला, "काल मॉस्कोला चालत गेलो होतो. ते आजोबा भेटले."

"काय म्हणाले?"

"अभिनंदन केलं. खरंच मनापासून केलं हो. आणि मग विचारलं, इथून वायोमिंगला चालत जायला किती दिवस लागतील?"