'सोपा एपी' आणि आमच्या घरातले दोन उन्हाळे

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

शाळा सुटल्या. आता घरोघरी तोच प्रश्न: पुढच्या वर्षीच्या एपीची तयारी समरमध्ये करून घ्यायची का, आणि घ्यायची तर किती? मी आज फक्त एका विषयाबद्दल लिहिते, एपी एन्व्हायर्नमेंटल सायन्स. आमच्या घरात दोन मुलांनी तो घेतला. पहिल्या वेळी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या वेळी अति करायला निघाले होते. दोन्ही सांगते, म्हणजे तुमचा तरी उन्हाळा वाचेल.

थोरल्याने अकरावीत हा विषय घेतला तेव्हा पॉटलकला भेटलेल्या प्रत्येकाने हेच सांगितलं की हा सोपा एपी, जीपीएला बरा. मलाही ते पटलं. मी सांगलीची, रसायनशास्त्रात बीएस्सी. आपल्या पिढीच्या डोक्यात पर्यावरण म्हणजे शाळेतला निबंध, 'प्रदूषण: एक समस्या'. सुरुवातीला दोन ओळी निसर्गसौंदर्याच्या, मध्ये कारखान्याचा धूर, शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा'. दहापैकी सात मार्क ठरलेले! त्यामुळे तो उन्हाळा एसएटीच्या क्लासमध्ये गेला आणि या विषयाचं पुस्तक सप्टेंबरपर्यंत कोरंच राहिलं.

निकाल आला. ५ पैकी २.

मी काय बोलले ते आजही लिहायला लाज वाटते. "एवढा सोपा विषय, आणि त्यात २?"

तो शांतपणे म्हणाला, "आई, वर्षभरात तू एकदा तरी विचारलंस का, मी त्यात काय शिकतोय?"

नव्हतं विचारलं. क्विझ कधी आहे, ग्रेड किती, पोर्टलवर असाइनमेंट मिसिंग का दिसतेय, हे रोज विचारलं होतं. त्यानंतर त्याने अभ्यासाबद्दल माझ्याशी बोलणंच बंद केलं. काही विचारलं की "फाइन". कॉलेजला गेल्यावरही फोनवर जेवलास का आणि थंडी आहे का, एवढंच उरलं.

हा विषय खरंच सोपा आहे का, ते मी फार उशिरा बघितलं. कित्येक वर्षं या परीक्षेत जेमतेम निम्म्या मुलांना ३ किंवा त्याहून जास्त मिळत आले होते. परीक्षा दोन तास चाळीस मिनिटांची. आधी ९० मिनिटांत ८० बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ६० टक्के वजन. मग ७० मिनिटांत तीन लेखी प्रश्न, ज्यांना मुलं एफआरक्यू म्हणतात, त्यांना ४० टक्के. या तिघांपैकी एकात प्रयोगाची आखणी करायची, एकात पर्यावरणाचा प्रश्न तपासून उपाय सुचवायचा, आणि एकात तेच, पण गणितं करून. अभ्यासक्रमाचे नऊ भाग आहेत: परिसंस्था, जैवविविधता, लोकसंख्या, माती-हवा-पाणी, जमीन आणि पाण्याचा वापर, ऊर्जा, हवेचं प्रदूषण, पाणी आणि जमिनीचं प्रदूषण, आणि शेवटी जागतिक बदल. शेवटच्या भागाचं वजन सगळ्यात जास्त, १५ ते २० टक्के. जीवशास्त्र, रसायन, भूगोल, कायदे, सगळंच थोडं थोडं. म्हणूनच मुलं 'हे तर माहितीये' म्हणत पुढे जातात आणि लिहायला बसली की अडकतात.

गेल्या वर्षी धाकटीने हाच विषय निवडला. मी लगेच एक्सेल उघडलं. नऊ भाग, नऊ आठवडे, दर रविवारी टेस्ट. चौथ्या दिवशी तिने खोलीचं दार लावून घेतलं. मी दाराबाहेर पुस्तक घेऊन उभी. थोरला सुट्टीला घरी आला होता. तो जिन्यावरून खाली आला, माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि म्हणाला, "आई, हे राहू दे. माझे मार्क कुठे गेले ते मला माहितीये. मी सांगतो तिला."

दोन वर्षांनी तो या विषयाबद्दल माझ्याशी पहिलं वाक्य बोलला होता. मी एक्सेल बंद केलं.

त्यानंतर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते.

१. उत्तर कसं लिहायचं ते आधी

कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे एफआरक्यू आणि ते कसे तपासतात त्याचे नियम फुकट मिळतात. दादाने तिला पहिल्याच दिवशी तेच दाखवले. प्रश्नात 'आयडेंटिफाय' असेल तर एक नेमकी गोष्ट सांगायची. 'डिस्क्राइब' असेल तर ती कशी आहे, कशी चालते ते लिहायचं. 'एक्स्प्लेन' असेल तर 'कारण' आल्याशिवाय मार्क नाही. दादाने स्वतःच्या आठवणीतलं एक उत्तर सांगितलं: 'कोळसा जाळल्याने प्रदूषण होते आणि पर्यावरणाची हानी होते.' याला शून्य. कोणतं प्रदूषण? सल्फर डायऑक्साइड. त्याने काय होतं? आम्लपाऊस. त्याने काय होतं? तळ्याचं पाणी आम्लयुक्त होऊन मासे मरतात. आता मार्क. उपाय म्हणून 'लोकांमध्ये जागृती करावी' लिहिलं तरी तेच. धुराड्यात स्क्रबर बसवा, असं नेमकं लिहावं लागतं.

मी बाजूला भाजी निवडत ऐकत होते. मनात म्हटलं, हा तर माझाच निबंध. तो मीच त्याला दिला होता.

२. गणित, रोज पंधरा मिनिटं

कॅल्क्युलेटर चालतो, पण मांडणी दाखवावी लागते आणि एककं चुकवून चालत नाही. थोरल्याचे बरेच मार्क इथे गेले होते. ४० चे ५० झाले तर वाढ २५ टक्के. तो भागायचा ५० ने आणि लिहायचा २०. आम्ही पुस्तकाऐवजी घरातले आकडे घेतले. खिडकीतला एसी १,२०० वॉटचा, रोज ८ तास, ३० दिवस. झाले २८८ किलोवॉट-तास. युनिटला २० सेंट धरले तर ५७ डॉलर ६० सेंट. त्या दिवसापासून बाई खोलीतून निघताना एसी बंद करायला लागल्या, हा वरचा नफा.

मला सगळ्यात मजा आली ती पावसाच्या गणितात. छप्पर १,००० चौरस फूट, पाऊस एक इंच, पाणी किती? ती फुटांत गेली. इंचाचे फूट, मग घनफूट, मग गॅलन. मी माझ्या पद्धतीने निघाले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, हे आपल्याकडे डोक्यात पक्कं असतं. तिचं उत्तर ६२३ गॅलन, माझं सुमारे २,३६० लिटर. ताडून पाहिलं तर एकच! "आई, तुझी पद्धत चीटिंग आहे," म्हणाली. मग विषय निघाला की हे पाणी जातं कुठे. नुअर्क, जर्सी सिटी, होबोकेन अशा जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं, आणि जोराचा पाऊस झाला की ते मिसळलेलं पाणी तसंच नदीत सोडलं जातं. घराच्या छपरापासून नदीपर्यंतची साखळी तिने स्वतः जोडली.

३. शनिवारी पाय मोकळे करायचे

शाळेत या विषयाचा निदान चौथा हिस्सा वेळ प्रयोग आणि फील्डवर्कला द्यायचा असतो. त्याची ओळख घराजवळ होते. आम्ही न्यू जर्सीत, म्हणून पाइनलँड्सला गेलो. १९७८ मध्ये संरक्षित झालेलं हे जंगल आपल्यापैकी बरेच जण किनाऱ्यावर जाताना नुसतं गाडीतून बघतात. तिथल्या ओढ्याचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं तांबूस. ते घाण पाणी नव्हे, झाडपाल्यातलं टॅनिन आणि लोह त्यात उतरतं. तिथल्या पिच पाइनची कित्येक फळं राळेने बंद असतात आणि वणव्याच्या उष्णतेने उघडतात. म्हणजे सगळीच आग वाईट नाही. हे पुस्तकात एका ओळीत असतं. तिने ते बंद फळ हातात धरून पाहिलं आणि परत आल्यावर त्यावर पाच वाक्यं स्वतः लिहिली. तुम्ही टेक्सासात असा नाहीतर कॅलिफोर्नियात, जवळ काहीतरी असतंच.

४. घरातल्या मोठ्यांशी बोलणं

हे मी ठरवलं नव्हतं. आपोआप झालं.

जैवविविधतेचं वाचताना तिला भारतातल्या गिधाडांची गोष्ट सापडली. जनावरांना वेदना आणि सूज कमी करायला डायक्लोफिनॅक देत. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. मेलेली ढोरं पडून राहू लागली, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीजचा धोका वाढला. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध तोवर सापडलं होतं.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिने सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही गिधाडं बघितली होती?" माझे सासरे सातारा जिल्ह्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होते. त्यांनी हसत सुरुवात केली, कड्यावर कशी बसायची, ढोर टाकलं की तासाभरात कशी उतरायची. मग तिने औषधाचं नाव घेतलं. आजोबा गप्प झाले. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ते इंजेक्शन मीच देत होतो, पोरी," ते म्हणाले. "गाय उठत नसायची, शेतकरी रडकुंडीला आलेला असायचा. सुई टोचली की दुसऱ्या दिवशी गाय उभी. आम्हाला वाटायचं, चांगलं काम झालं. गिधाडं कमी झाली ते दिसत होतं. पण त्याचा माझ्या सुईशी संबंध असेल, हे कसं कळणार?"

ती म्हणाली, "पण आजोबा, तुम्हाला माहीत नव्हतं ना."

"नव्हतं. पण दिलं मीच ना."

कॉल संपल्यावर ती बराच वेळ बसून होती. मग दादाला म्हणाली, "यात वाईट माणूस कोणीच नाहीये." दादा म्हणाला, "या कोर्समध्ये बऱ्याचदा असंच असतं. गाय वाचवायची होती म्हणून औषध आलं. बरं औषध सापडलं म्हणून बंदी टिकली. उपाय लिहिताना हे दोन्ही लिही." त्याला हे सगळं येत होतं, मंडळी. माझ्या '२' पलीकडे कितीतरी त्याला येत होतं.

काय केलं नाही, तेही सांगते. पुस्तक संपवलं नाही, जेमतेम तीन भाग झाले. क्लास लावला नाही. काही कायद्यांची कार्डं मात्र केली: क्लीन एअर ॲक्ट १९७०, क्लीन वॉटर ॲक्ट १९७२, एन्डेन्जर्ड स्पीशीज ॲक्ट १९७३, ओझोनसाठी मॉन्ट्रियल करार १९८७. प्रत्येक कार्डावर 'कशामुळे करावा लागला' ही एक ओळ. आणि हो, मुलाचं आधी दोन वर्षं प्रयोगशाळेचं विज्ञान आणि एक वर्ष अल्जिब्रा झालेलं असावं, असं कॉलेज बोर्ड सुचवतं. ते झालेलं नसेल तर समरमध्ये अल्जिब्रा पक्का करा, बाकी राहू द्या.

धाकटीची परीक्षा मे महिन्यात झाली. निकाल जुलैत येईल, म्हणजे ही पोस्ट लिहिताना मला माहीत नाही तिला किती मिळणार. मुद्दाम निकालाआधी लिहितेय. ५ आले तर पोस्टचं यशोगाथेत रूपांतर होईल, आणि २ आले तर मी बहुतेक लिहिणारच नाही.

परीक्षेच्या दिवशी तिला घ्यायला गेले. गाडीत बसल्यावर मी 'कसा गेला' विचारणार होते, तोंडापर्यंत आलंही. पण विचारलं, "कशावर आले होते लेखी प्रश्न?" घरी पोचेपर्यंत ती बोलत होती. मग तिने दादाला फोन लावला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. फोन ठेवायच्या आधी तो म्हणाला, "आईला दे जरा." आणि माझ्याशी वीस मिनिटं बोलला. जेवण आणि थंडी सोडून.

तुमच्याकडे कोण घेतंय हा विषय या वर्षी? शाळेने समर होमवर्क काय दिलंय ते लिहा. आमच्याकडची कायद्यांची कार्डं हवी असतील तर सांगा, फोटो टाकते.